परसातील पाखरे आणि डासांचे रोग

चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाखरांसाठी गच्चीत, सज्जात किंवा अंगणातल्या पेरूच्या फांदीला पाण्याचे परळ टांगण्याची प्रथा महाराष्ट्रातील शहरांत आणि गावांत आता चांगली रुजली आहे. परंतु मृगाचा पाऊस सुरू झाला की पाखरांना पाणी जागोजागी मिळू लागते, घरातील माणसांचे परळाकडे लक्ष राहत नाही, आणि पावसाने भरलेल्या, पाने कुजलेल्या त्याच भांड्यात आठ-दहा दिवसांत डासांची एक पिढी वाढून उडून जाते. हिवताप, डेंगी, चिकुनगुन्या हे डासांमुळे माणसाला होणारे आजार सर्वांना ठाऊक आहेत. डास पाखरांनाही आजारी पाडतात आणि जगाच्या एका कोपऱ्यात त्यांनी पाखरांच्या कित्येक जाती कायमच्या संपवण्यास हातभार लावला आहे, ही गोष्ट मात्र पाखरांवर जीव लावणाऱ्या घरांतही फारशी बोलली जात नाही. पाणी ठेवणाऱ्याने ती जाणून घेणे आवश्यक आहे, कारण या रोगांवर रानपाखरांसाठी व्यवहारात वापरता येईल असे औषध नाही आणि जे काही करता येते ते डासाच्या जन्माआधीच करावे लागते.

पाखरांच्या रोगांशी सर्वांत निकटचा संबंध असलेला डास म्हणजे क्युलेक्स. डेंगी पसरवणारा एडिस घरातील स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि त्याची ओढ मुख्यतः माणसाच्या रक्ताकडे असते. क्युलेक्सच्या मादीला मात्र तुंबलेले गटार, शौचालयाची टाकी, कुजलेल्या पाल्याचे पाणी अशा जागा अधिक मानवतात, आणि ती रात्री चावते, म्हणजे पाखरे फांद्यांवर निश्चल बसून झोपलेली असतात तेव्हाच. पिसांनी अंग झाकलेले असले तरी डोळ्यांभोवतीची कडा, चोचीचे मूळ आणि पाय उघडे राहतात, आणि घरट्यातील पिल्लांना तर पिसेच आलेली नसतात. डास याच उघड्या कातडीवर बसतो. एका खेपेस ही मादी शंभर ते तीनशे अंडी घालते आणि ती एकमेकांना चिकटून पाण्यावर लहानशा तराफ्यासारखी तरंगतात. त्यांतून अळी, अळीचा कोष आणि कोषातून पंख फुटलेला डास हा सारा प्रवास उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवसांत पुरा होतो.

आपल्या गावा-शहरांतील गटारांवर सर्वाधिक आढळणाऱ्या क्युलेक्सच्या जातीला क्युलेक्स क्विंक्वेफॅशिएटस असे नाव आहे; माणसातील हत्तीरोगाची वाहक म्हणूनही तीच ओळखली जाते. वैद्यकाच्या इतिहासात या डासाला आणि भारतातील चिमण्यांना एक मानाचे स्थान आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे माणसाच्या हिवतापाचा परोपजीवी डासाच्या पोटात पाहिला, परंतु डास हा रोग एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेमका कसा नेतो हे त्यांनी १८९८ साली कलकत्त्यात सिद्ध केले ते पाखरांच्या हिवतापावरून. आजारी पाखरांचे रक्त प्यालेल्या करड्या डासांच्या, म्हणजे आजच्या भाषेत क्युलेक्सच्या, लाळग्रंथीत परोपजीवी पोहोचतो आणि त्या डासांनी चावलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९०२ च्या नोबेल पारितोषिकामागील पुराव्याचा मोठा भाग असा परसातल्या पाखरांनी पुरवला आहे.

पाखरांचा हिवताप माणसाला होत नाही आणि माणसाचा पाखराला होत नाही, कारण दोघांचे परोपजीवी एकाच कुळातील असले तरी वेगवेगळ्या जातींचे आहेत. पाखरांत सर्वाधिक पसरलेल्या जातीला प्लास्मोडियम रेलिक्टम म्हणतात. डासाच्या लाळेतून शरीरात शिरल्यावर तो प्रथम आतील अवयवांच्या पेशींत वाढतो, मग रक्तातील तांबड्या पेशींत घुसून त्या फोडतो. त्यामुळे रक्तक्षय होतो, यकृत आणि प्लीहा सुजतात, आणि पाखरू पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून, दाण्याकडे न पाहता एका जागी बसून राहते. या पहिल्या झटक्यातून बचावलेले पाखरू वरवर पूर्ववत दिसू लागते, पण परोपजीवी बहुधा अल्प प्रमाणात त्याच्या शरीरात राहून जातो, आणि असे पाखरू पुढे चावणाऱ्या डासांना रोगाचे बीज पुरवत राहते. ही सौम्य वाटणारी स्थितीही बिनखर्चाची नसते. वटवट्या कुळातील एका स्थलांतरी पाखरावर स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात असे आढळले की, दीर्घकाळ रेंगाळणारा हिवताप असलेल्या पाखरांच्या गुणसूत्रांची टोके लवकर झिजतात, त्यांचे आयुष्य घटते आणि पिल्लेही कमी होतात. लंडनच्या उपनगरांतील चिमण्यांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही जेथे रक्तातील परोपजीवींचे प्रमाण अधिक तेथे चिमण्यांची संख्या घटत असल्याचे दिसले. चिमण्या कमी होण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतले एकच उचलून सारा दोष त्याच्यावर टाकणे योग्य नाही. पण मेलेले पाखरू दिसत नाही म्हणून रोगही नाही, असे मानता येत नाही, एवढे या दोन्ही अभ्यासांवरून ठरते.

डास मुळातच नसलेल्या भूमीत तो पोहोचला तर काय होते, याचे उदाहरण प्रशांत महासागरातील हवाई बेटांनी दिले आहे. त्या बेटांवर पूर्वी डास नव्हते. १८२६ साली ‘वेलिंग्टन’ नावाच्या जहाजाच्या खलाशांनी माउई बेटावरील लाहायना येथे पिंपांतील शिळे पाणी ओतून दिले आणि त्यातील अळ्यांबरोबर क्युलेक्स बेटावर आला, असे तेथील इतिहासात सांगितले जाते. हा डास म्हणजे आपल्या गटारांवरचाच क्युलेक्स क्विंक्वेफॅशिएटस. पुढे बाहेरून आणलेल्या पाखरांबरोबर हिवताप आणि देवीचा रोगही आला, आणि ज्यांच्या शेकडो पिढ्यांनी हे रोग कधी पाहिले नव्हते त्या तेथील मधुभक्षी पाखरांत प्रतिकाराची शक्तीच नव्हती. ‘इइवी’ या लाल रंगाच्या पाखरावरील एका प्रयोगात रोगग्रस्त डास एकदाच चावलेल्या दहा पाखरांपैकी नऊ मेली. या कुळातील पन्नासहून अधिक जातींपैकी आज सतराच्या आसपास उरल्या आहेत, आणि अधिवासाचा नाश व उंदीर-मांजरे यांच्याबरोबर डास हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. हवा थंड असली की डासाच्या शरीरात परोपजीवीची वाढ थांबते. म्हणून साधारण दीड हजार मीटरच्या वरची डोंगरमाथ्यावरील अरण्ये बराच काळ सुरक्षित राहिली होती, पण तापमान वाढू लागले तसा डास वर सरकला आणि पाखरांना आणखी वर जायला डोंगरच उरला नाही. तेथील रानडुकरे झाडनेच्यांची खोडे पोखरून त्यांतला गर खातात आणि त्या खोबणींत पावसाचे पाणी साचून डास वाढतात, हा तपशील परळ, नारळाची करवंटी आणि कुंडीखालची बशी यांच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२३ च्या अखेरीपासून माउईवर हेलिकॉप्टरमधून नर डास सोडले जात आहेत. नर चावत नाही, आणि या नरांच्या शरीरात वोल्बाकिया या जिवाणूचा वेगळा प्रकार असल्यामुळे त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी उबत नाहीत.

पाखरांचा दुसरा रोग म्हणजे देवी. कोंबड्या पाळणाऱ्यांना हा रोग परिचित असतो, आणि पारव्यांत तो नेहमी दिसतो. माणसाच्या देवीशी नावापलीकडे त्याचा संबंध नाही व तो माणसाला होत नाही. येथे डास विषाणूला स्वतःच्या शरीरात वाढवत नाही. आजारी पाखराच्या फोडावर बसलेल्या डासाच्या सोंडेला विषाणू नुसता चिकटतो आणि पुढच्या पाखराच्या कातडीत टोचला जातो. डोळ्यांभोवती, चोचीच्या मुळाशी आणि पायांवर चामखिळीसारख्या गाठी येतात व त्यांवर खपल्या धरतात. अनेक पाखरे काही आठवड्यांत बरी होतात, पण गाठींनी डोळा झाकला गेला तर पाखराला दाणा दिसत नाही आणि घशात चट्टे उठले तर गिळता येत नाही, आणि मग ते रोगापेक्षा उपासमारीने किंवा मांजराच्या तावडीत सापडून मरते. खपल्यांमधील विषाणू दाण्याच्या ताटलीवर आणि बसायच्या दांडीवर दीर्घकाळ टिकतो, म्हणून गाठी आलेले पाखरू दिसल्यास तेथे दाणापाणी ठेवणे दोन-तीन आठवडे थांबवावे, ताटल्या साबणाने घासून, नऊ भाग पाण्यात एक भाग द्रव ब्लीच मिसळून त्यात काही मिनिटे बुडवाव्यात आणि स्वच्छ पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. दाणे बंद केल्याने पाखरे उपाशी राहतील ही भीती अनाठायी आहे. गर्दी पांगणे हाच त्या वेळी त्यांच्यावरचा उपकार असतो. परसात गावठी कोंबड्या असतील तर त्यांना देवीची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्यावी आणि खुराड्याला बारीक जाळी लावावी.

तिसरा गट विषाणूजन्य मेंदूज्वरांचा. वेस्ट नाईल हा विषाणू १९३७ साली युगांडातील वेस्ट नाईल जिल्ह्यात प्रथम सापडला, आणि आफ्रिका, युरोपचा काही भाग व आशिया येथे तो पूर्वीपासून पाखरांत फिरत आला आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कमध्ये पोहोचला तेव्हा तेथील कावळे मोठ्या संख्येने मरू लागले, आणि त्याच सुमारास माणसांत मेंदूज्वराचे रुग्ण आढळू लागले. प्रारंभी दुसऱ्याच एका विषाणूवर निदान ठरले होते, परंतु ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातील विकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांनी तेथील फ्लेमिंगो व इतर पाखरांचे मृत्यू आणि माणसांचा आजार यांचा एकत्र विचार व्हावा असा आग्रह धरला, आणि अखेर वेस्ट नाईलचे निदान झाले. त्या वर्षी ६२ रुग्ण नोंदले गेले व ७ माणसे दगावली. पाच वर्षांच्या आत विषाणू अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार काही भागांत अमेरिकन कावळ्यांची संख्या ४५ टक्क्यांपर्यंत घटली. युरोपात याच गटातील उसुतू विषाणूमुळे २००१ साली ऑस्ट्रियात काळे कस्तूर पक्षी मोठ्या संख्येने मेले, आणि २०२० साली तो लंडनमध्येही आढळला.

भारतात याच गटातील जपानी मेंदूज्वर हा अधिक चिंतेचा विषय आहे. देशात तो १९५५ साली वेल्लोर परिसरात प्रथम ओळखला गेला. विदर्भातील भातपट्ट्यात आणि गोव्यातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स गटातील डास, तेथेच चरणारे वंचक व गायबगळे आणि गावाजवळची डुकरे यांच्यात हा विषाणू फिरत राहतो. बगळे त्याने सहसा आजारी दिसत नाहीत, पण त्यांच्या रक्तात काही दिवस विषाणू इतका वाढतो की त्यांना चावलेला डास तो पुढे नेऊ शकतो. माणूस मात्र या साखळीचे बंद टोक आहे, म्हणजे माणसाच्या रक्तात विषाणू एवढा वाढत नाही की डास त्याच्याकडून तो उचलेल. याचा चुकीचा अर्थ लावून वस्तीतल्या झाडावरील बगळ्यांची घरटी पाडणे किंवा वीण चालू असताना फांद्या तोडणे हा सपशेल अन्याय आहे. घरटी पाडल्याने खाली पडलेली पिल्ले मरतात, मोठे पक्षी दुसऱ्या झाडावर जातात, आणि गटार तेथेच राहते व डासही तेथेच राहतो. बगळ्यांच्या वीण-वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी मच्छरदाणी वापरावी, झाडाखालील पाण्याचा निचरा करावा, आणि लहान मुलांच्या लसीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

आता प्रत्यक्ष काय करावे, याचा विचार करताना आरंभ परळापासूनच करावा लागतो. परळ उथळ असावे, दोन-तीन बोटांपेक्षा अधिक खोल नसावे, आणि त्यातील पाणी उन्हाळ्यात रोज बदलावे. नुसते ओतून देणे पुरेसे नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्या स्थितीत काही महिने तग धरून पुन्हा पाणी लागताच उबतात. यासाठी आतली कड काथ्याने घासून भांडे उन्हात वाळू द्यावे. दोन परळ ठेवून ते आलटून पालटून वापरल्यास हे सोपे जाते. अळ्या मारण्यासाठी पाण्यात रॉकेल किंवा जळके तेल टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. परळात, हौदात किंवा पाखरे उतरतात अशा कोणत्याही डबक्यात ते टाकू नये, कारण पिसांना तेल लागले की त्यांची पाणी व थंडी अडवण्याची क्षमता जाते आणि चोचीने पिसे साफ करताना तेच तेल पोटात जाते.

परळाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष क्युलेक्सच्या खऱ्या वस्तीकडे द्यावे लागते, आणि ती बहुधा घराच्या मागच्या बाजूस असते. शौचालयाच्या टाकीचा हवा जाण्याचा नळ उघडा असेल तर त्यातून रोज रात्री डास बाहेर पडतात. त्यावर बारीक जाळी किंवा जुन्या कापडाची घट्ट पुरचुंडी बांधण्यास फारसा खर्च येत नाही. न्हाणीचे सांडपाणी उघड्यावर सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात, म्हणजे दगडगोट्यांनी भरलेल्या, पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात सोडावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारे बंद केली, आणि डासांचा उपद्रव नाहीसा होण्याइतका त्याचा परिणाम दिसला. कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या बश्या, गच्चीवर टाकलेले टायर, करवंट्या, तुंबलेले पन्हळ हे सारे आरोग्य खात्याच्या ‘कोरडा दिवस’ या साप्ताहिक नियमात बसते. रिकामा करता येत नाही अशा हौदात किंवा कमळाच्या टाक्यात गप्पी मासे सोडावेत, ते अळ्या खातात. मात्र हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला असल्याने तो ओढ्यात, तळ्यात किंवा नदीत सोडू नये, तेथील देशी माशांना आणि बेडकांच्या पिल्लांना त्याचा उपद्रव होतो.

धूर फवारणीविषयी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. डेंगीची साथ असताना आरोग्य विभागाने ती केल्यास गोष्ट वेगळी, परंतु गृहसंस्थांनी वर्गणी काढून दर पंधरवड्याला बागेत धूर सोडण्याने पाण्यातल्या अळ्यांना काहीही होत नाही आणि काही दिवसांत नवे डास पुन्हा उडू लागतात. मधल्या काळात मरतात ते झाडांवरील किडे. शिंपी, दयाळ, बुलबुल हे पक्षी, इतकेच नव्हे तर एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा, घरट्यातील पिल्लांना आरंभीचे दिवस किडे आणि अळ्याच भरवतात, आणि त्या दिवसांत बाग निर्जीव झाली तर पिल्ले भुकेने मरतात. तोच खर्च गटाराच्या उतारावर आणि नळांच्या जाळ्यांवर केल्यास डास खरोखर कमी होतील.

पाखरू जमिनीवर बसलेले, तोल जात असलेले, मान वाकडी झालेले किंवा थरथरत असलेले दिसले तर ते डासांच्या रोगाचेच असेल असे मात्र नाही. उष्माघात, मांजाची जखम, विषबाधा आणि बर्ड फ्लू यांतही अशीच लक्षणे दिसतात आणि निदान प्रयोगशाळेतच होते. उडायला शिकणारे, अपुऱ्या शेपटीचे पिल्लू जमिनीवर असेल तर ते आजारी नसते आणि त्याचे आईबाप जवळच असतात. मांजराची भीती असल्यास त्याला जवळच्या झुडपात ठेवून दूर व्हावे. खरोखर आजारी पाखरू हातमोजे घालून, किंवा हातावर प्लास्टिकची पिशवी उलटी चढवून, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे, खोके अंधाऱ्या शांत जागी ठेवावे, आणि चोचीत पाणी किंवा औषध ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक यासाठी उपलब्ध आहे. रानपाखरू घरात पाळणे कायद्याने गुन्हा असल्यामुळे उपचार योग्य हातांकडेच सोपवावेत. एकाच परिसरात थोड्या दिवसांत अनेक कावळे किंवा इतर पाखरे मेलेली आढळल्यास त्यांना उघड्या हाताने शिवू नये, परस्पर पुरूही नये, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लू आढळला, तो असे नमुने तपासणीला पाठवले गेले म्हणूनच.

आषाढ-श्रावणात पाखरांना पाण्याची वाण नसते. ज्यांना या दिवसांतही परळ मांडून ठेवायचे असेल त्यांनी ते दर दोन दिवसांनी घासून भरावे, आणि ज्यांना तेवढा वेळ काढता येणार नाही त्यांनी ते आजच धुऊन, पाऊस सरेपर्यंत पालथे घालून ठेवावे.